गवळ्याचे गोटे

आमच्या बरडाच्या वावरात नांगर एका ठिकाणी वळायचा. धुऱ्यापासून सरळ तास काढत आलेले आबाजी हिवराच्या झाडाच्या अलीकडे रुमणं थोडं उचलायचे, बैल न सांगता डावीकडे सरायचे आणि पुढे एका मोठ्या गोल वळणानं पुन्हा सरळ रेषेला लागायचे. वरून पाहिलं असतं तर नांगरलेल्या काळपट पट्ट्यांच्या मधोमध एक न नांगरलेला वाटोळा तुकडा दिसला असता. त्या तुकड्याच्या कडेनं काळे गोटे होते. काही माझ्या गुडघ्याएवढे, काही नुसती पाठ वर काढून मातीत बसलेले. मी शिदोरी घेऊन जायची तेव्हा आबाजींचं तास पुरं होईपर्यंत त्या गोट्यांभोवती चालायची आणि पावलं मोजायची. पंचाहत्तरएक भरायची.

एकदा एका गोट्यावर चढून बसले, तर आबाजी लांबूनच ओरडले, "थ्या गोट्यायले पाय नोको लावू वं!"

"कोनाचे व्हय थे?"

"गवळ्यायचे."

"गवळी कुठी गेले?"

"गेले आपल्या वाटेनं. आपून बी जाऊ."

एवढंच. पुढे कितीही विचारलं तरी त्यांच्याकडे याहून जास्त काही नव्हतं. त्यांच्या बापानं त्यांना इतकंच सांगितलं होतं. आजीकडे तर तेवढंही नव्हतं. पण पोळ्याच्या दिवशी बैलांना ठोंबरा आणि पुरणपोळी चारून झाली की ती एक घास पळसाच्या पानावर घेऊन बरडाच्या वावरात जायची आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या गोट्याजवळ ठेवून यायची. शेंदूर नाही, ऊदबत्ती नाही, नारळ नाही. आमच्या गावात मारुतीला शेंदूर होता, मरीमायला लिंबं होती, शिवेवरच्या म्हसोबाला कोंबडं होतं. या गोट्यांना मात्र ना नाव होतं ना नवस. कोणासाठी ठेवतेस असं विचारलं की आजी म्हणायची, "ज्याचं हाय त्याले."

मी शिक्षिका झाल्यावर एका वर्षी पोरांची सहल घेऊन जुनापाणीला गेले. नागपुराहून काटोल रस्त्यानं दहाएक किलोमीटरवर ती जागा आहे. पुरातत्त्व विभागाचा फलक, काट्याकुट्यांची पायवाट, मुरूम, आणि मग एकदम चहूकडे गोटे. एक रिंगण, त्यापलीकडे दुसरं, त्याला लागून तिसरं. तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. पोरं त्यांच्या आत-बाहेर धावू लागली आणि माझ्या तोंडून, शिकवणीच्या मराठीत नव्हे, घरच्या बोलीत निघून गेलं, "पाय नोको लावू रे." सोबतचे सर माझ्याकडे बघतच राहिले.

आमच्या वावरात काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. ती थडगी होती. अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची, लोखंड वापरू लागलेल्या माणसांची. नागपूरच्या आसपास अशी ठिकाणं कितीतरी आहेत: माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, रायपूर, भागीमोहारी, आणि वर्धा जिल्ह्यात खैरवाडा. कडेनं मोठे दगड, आत गोटे-मुरमाची भर, आणि त्याखाली माणसाची हाडं, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, अकीकाचे मणी. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच निघाली. जुनापाणीची वर्तुळं पहिल्यांदा उकरून पाहिली ती १८७९ च्या सुमारास रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं. हा माणूस कधीकाळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता हे वाचून मला फार नवल वाटलं. ज्या सरकारला आमच्या पऱ्हाटीची बोंडं मँचेस्टरला हवी होती, त्याच सरकारचा माणूस पऱ्हाटीच्या बाजूच्या बरडावर उभा राहून हे कोणाचे दगड म्हणून विचारत होता. आणि लोकांनी काय सांगितलं असेल? इकडच्या लोकांच्या तोंडी तेव्हाही एकच उत्तर होतं. गवळ्यांचे.

जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदीत आबाजींचं उत्तर सापडलं त्या दिवशी मी घरी येऊन थोडी रडले. त्यांना काही ठाऊक नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

आता शास्त्रानं गवळी खरे की खोटे हे पाहायला हरकत नाही. पण ही माणसं ढोरंवाली होती असं अभ्यासकही मानतात, आणि त्यांची जागा पाहिली की मला ते पटतं. ही वर्तुळं बहुतेक बरडावर, मुरमाड उतारावर असतात, जवळ एखादा नाला असतो, आणि काळी जमीन त्याच्या खालच्या अंगाला असते. मेलेल्यांना बरड आणि जित्यांना काळी अशी ही वाटणी. ज्या जमिनीवर चांगलं गवत आहे आणि पीक यथातथा, तिथं ढोरं चारत, त्यांच्या मागे फिरत आपल्या माणसांजवळून रोज जाता येईल, अशा बेतानं त्यांनी आपली माणसं ठेवली. आमच्या गावचा गायकी, म्हणजे गुराखी, अजून त्याच बरडावरून ढोरं नेतो.

आणि माहुरझरीचे घोडे! डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे १९७० ते ७२ मध्ये माहुरझरीला उत्खनन केलं. तिथल्या वर्तुळांत माणसांसोबत घोडे पुरलेले निघाले. घोड्याच्या तोंडावर बांधायचा तांब्याच्या पत्र्याचा दागिना निघाला, त्यावर लोखंडाच्या गाठी बसवलेल्या. मी त्याचा फोटो पाहिला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे घोडा आलाच नाही. पोळ्याच्या दुपारी आमच्या हिऱ्या बैलाच्या कपाळावर आबाजी मठाटी बांधत आहेत, तोच प्रसंग आला. आदल्या दिवशी खांदशेक झालेली असायची, हळद-तुपानं जुवाची जागा चोळताना आबाजी बैलाच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी नाल्यावर आंघोळ, शिंगांना रंग आणि बेगड, पितळी शेंब्या, पाठीवर झूल, गळ्यात घोलर, आणि सगळ्यांत शेवटी मठाटी. ती बांधताना बैल मान खाली करून अगदी शांत उभा राहायचा. मठाटी बांधायचं काम आबाजींनी कधी गड्याला दिलं नाही.

तीन हजार वर्षांपूर्वी माहुरझरीला कोणीतरी असाच एका जनावराच्या तोंडासमोर उभा राहिला असेल. कसलं गाणं होतं, काय पुटपुटलं गेलं, ते गेलं. पण जनावराला सजवायचं, मग त्याच्याशी माणसासारखं बोलायचं, आणि हे सगळं त्या रिंगणाच्या जवळपास करायचं, यातलं काही आमच्यापर्यंत तुटक-तुटक पोचलं असेल का? याला पुरावा नाही, आणि मी तो असल्याचं म्हणणार नाही. आजीचा पोळ्याचा घास मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

जुनापाणीनंतर मी मिळेल ते वाचत सुटले. इंग्लंडात आल्फ्रेड वॉटकिन्स नावाचे एक गृहस्थ होते. १९२१ मध्ये हेरफर्डशायरच्या टेकड्यांवर उभं असताना त्यांना वाटलं की जुन्या टेकाडांवरचे दगड, देवळं, पाणवठे हे सगळे सरळ रेषांत बसवलेले आहेत. त्यांच्या मते त्या जुन्या वाटांच्या खुणा होत्या. पुढे साठच्या दशकात लोकांनी त्याच रेषांतून जमिनीची गूढ शक्ती वाहते असं म्हणायला सुरुवात केली. त्या वाचनानं मी इतकी भारावले की एका रात्री नागपूर जिल्ह्याचा नकाशा जमिनीवर पसरला आणि पोरीची पट्टी घेऊन बसले. जुनापाणी, माहुरझरी, मनसर, रामटेक. रेषा जुळली! मग दुसरी जुळली. मग लक्षात आलं की इतके ठिपके असले की कुठलीही पट्टी कुठेही ठेवा, तीन-चार ठिपके सापडतातच. पहाटे नकाशा गुंडाळून ठेवला. पण वॉटकिन्सांबद्दल मनात आदर राहिला. आपल्या मुलखाकडे इतक्या प्रेमानं आणि इतका वेळ पाहणारा माणूस चुकला तरी त्याची नजर आपल्याला काही देऊन जाते. मला त्या रात्री रेषा मिळाली नाही, पण वाट मिळाली. जुन्या जागा एकमेकींशी जोडल्या गेल्या असतील तर त्या पाण्यानं, पांदणीनं, ढोरांच्या पायांनी आणि यात्रेकरूंच्या पायांनी.

रामटेकच घ्या. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, चंद्रगुप्त दुसऱ्याची मुलगी. तिच्या ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीच्या पायांपासून दान दिल्याचा उल्लेख आहे. त्या काळातली नरसिंहाची देवळं अजून गडावर उभी आहेत. नंतर यादवांच्या काळातली देवळं आली, भोसल्यांनी डागडुजी केली, पायथ्याशी जैन मंदिर उभं राहिलं. आजही त्रिपुरी पौर्णिमेला माणसं पायऱ्या चढतात. राज्यं बदलली तरी पाय त्याच टेकडीकडे वळतात.

लोणारला मात्र माणसानं काहीच मांडलं नाही. तिथलं रिंगण आभाळानं पाडलं. बेसॉल्टच्या कातळात उल्का आदळून झालेलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. विवर उल्केचंच आहे हे १९७३ मध्ये तिथल्या आघातानं बदललेल्या खडकांवरून पक्कं झालं. पण त्याच्या कितीतरी आधी लोणारच्या लोकांकडे लवणासुराची गोष्ट होती. राक्षस भुईत दडून बसला होता, विष्णूनं दैत्यसूदनाच्या रूपानं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. इथं कधीतरी भुई फाटली, मोठा आघात झाला, हे त्या गोष्टीला ठाऊक आहे. लोकांनी ते कशावरून ओळखलं असेल? खारं पाणी, वाकलेले थर, आणि काठावर मात्र गोड्या पाण्याची धार, एवढं पाहूनच ओळखलं असणार. मी नवरात्रात कमळजा देवीला बायकांसोबत काठावरून खाली उतरले. वाटेवर एक म्हातारी माझ्या पुढे होती. प्रत्येक वळणावर थांबून ती भुईला हात लावून कपाळाला लावत होती. देऊळ अजून लांब होतं. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं, मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, तेव्हा साऱ्या जगानं फोटो पाहिले. मला त्या फोटोंतही त्या म्हातारीची पाठच दिसत राहिली.

गडचिरोलीत भामरागडकडे एका प्रशिक्षणाला गेले होते, तिथंही असंच. तिकडचे माडिया गोंड आपल्या मेलेल्या माणसांसाठी अजूनही दगड उभे करतात. रस्त्याच्या कडेला सागाच्या झाडांत उभ्या शिळा दिसल्या, मी गाडी थांबवायला लावली. सोबतच्या शिक्षकानं त्यातल्या एका शिळेकडे बोट दाखवलं, म्हणाला, ही माझी आजी. आणि पुढे बोलायला लागला, शाळेच्या पटाबद्दल. मी मात्र तिथंच अडकले. ज्या दगडांना पाहायला मी पुस्तकं घेऊन फिरत होते, तसा दगड या माणसाच्या घरच्या नात्यात होता.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते.

आमच्या वावरात आज ते गोटे नाहीत. मी कॉलेजसाठी नागपुरात राहायला गेले त्या वर्षी बाबांनी भाड्यानं ट्रॅक्टर लावून बरड सपाट करून घेतला. हिवर तोडला. गोटे उचलून काही विहिरीच्या काठाला लावले, काही फोडून गोठ्याच्या पायात गेले. बाबांना दोष देताना माझी जीभ अडते, कारण माझ्या खोलीचं भाडं त्या वर्षी त्यांना जड जात होतं, आणि त्या तुकड्यात तुरीचे चार-पाच तास जास्त निघणार होते. दिवाळीला घरी आले तेव्हा सलग, सपाट वावर पाहून मला बरंच वाटलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. आबाजी बंडीच्या जुवावर बसलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

पुढच्या उन्हाळ्यात वखरणीला आबाजींनी बैल जुंपले. हे मायनं मला नंतर सांगितलं. धुऱ्यापासून वखर सरळ आला आणि हिवर होता त्या जागेच्या अलीकडे हिऱ्या आणि चांद्या आपसूक डावीकडे वळले. समोर काही नव्हतं. मोकळी, साफ जमीन. बाबा म्हणाले, "बैलायले सवय हाय, सरळ घ्या." आबाजींनी कासरा ओढला नाही. त्या दिवशी त्यांनी बैलांना त्या नसलेल्या रिंगणाभोवती तसंच फिरू दिलं. त्यानंतर त्यांनी बरडात वखर धरला नाही.

जुनापाणीला मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. तिथल्या काही दगडांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत, रांगेत, मुद्दाम. हे खळगे कशासाठी, याचा अभ्यासकांनी खूप विचार केला आहे. खळग्यांच्या शिळा वर्तुळात कोणत्या दिशांना आहेत हे मोजून त्यांचा आभाळाशी संबंध लावायचा प्रयत्नही झाला आहे. ते मला अशक्य वाटत नाही. आबाजी खळ्यावर राखणीला झोपायचे तेव्हा मला आभाळातली तिफण दाखवायचे, म्हातारीची बाज आणि ती पळवायला आलेले तीन चोर दाखवायचे. रात्र किती उरली ते बाज पाहून सांगायचे. घड्याळ नसलेल्या माणसाला आभाळ जवळचं असतं. पण जुनापाणीला ते खळगे पाहून मला आठवलं ते भलतंच. मी तिथूनच मायला फोन लावला.

"माय, आपल्या न्हाणीजवळच्या गोट्यावर खळगे किती हायेत?"

"कपडे धुवाच्या? सात. कायले?"

"थे कपडे धुऊन पडले का?"

माय थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "नाही वं. बरडातून आनला तवाच होते."

ज्या गोट्यावर माझे शाळेचे फ्रॉक नाही, पण माझ्या भावाच्या पोरांचे सगळे कपडे धुतले गेले, तो त्या रिंगणातला होता. माय त्याच्यावर रोज साबण घासत होती, शेवटी एक बादली पाणी ओतून त्याला तळहातानं चोळून स्वच्छ करत होती. खळग्यांत पाणी साचायचं, चिमण्या यायच्या प्यायला. तीस वर्षं.

मागच्या भादव्यात आम्ही तो परत नेला. भाऊ आधी कुरकुरला. वावर आता बटईनं दिलेलं, बटईदार काय म्हणेल! पण तो आला. दोघा गड्यांनी पहार लावून गोटा ट्रॉलीत चढवला. बरडात पोचलो तर प्रश्न पडला, ठेवायचा कुठं? आबाजी नाहीत, बाबा नाहीत, हिवर नाही. सोयाबीन कमरेला लागायचं बाकी होतं. पंधरा दिवस पावसानं ताण दिलेला. भाऊ म्हणाला, ठेव कुठंबी, कोनाले कळते.

मी ट्रॉलीवर चढून पाहिलं. हिरव्या वावरात एक वाटोळा तुकडा पिवळा पडला होता. तेवढ्याच जागेतलं सोयाबीन खुरटं, पानं आधीच करपलेली. खाली अजून ती गोटे-मुरमाची भर होती, ती ओल धरत नव्हती. वरचं सगळं उचलून नेलं तरी खालचं रिंगण तिथंच होतं, आणि ताण पडला की वर येत होतं. मी भावाला वर बोलावलं. तो बघत उभा राहिला आणि काही बोलला नाही.

उकरायचं नाही असं मी आधीच सांगितलं होतं. पिवळ्या तुकड्याच्या कडेला, जिथं मोठा गोटा असायचा असं मला वाटतं तिथं, आम्ही तो नुसता टेकवला. खळगे वर केले. मी घरून घास आणला होता, तो पळसाच्या पानावर ठेवला. माय आतापर्यंत धुऱ्यावर बसून होती. ती उठली, सोयाबीन हातांनी बाजूला सारत आली, सोबतची पाण्याची बाटली उघडून तिनं सगळं पाणी त्या गोट्यावर ओतलं आणि रोजच्यासारखं तळहातानं तो चोळून काढला.